मानमोडीचा विषाणू आणि अंड्यावरील कोंबडीच्या पेशीतील ऊर्जेचा हिशेब

मानमोडीची साथ अंड्यावरील कोंबड्यांत शिरली म्हणजे तिची पहिली वर्दी पुष्कळदा अंड्यांच्या टोपलीतून मिळते. समजा, शंभर कोंबड्यांचा कळप काल ऐंशी अंडी देत होता. आज तो साठ देतो आणि चौथ्या दिवशी पस्तीसवर येतो. मिळालेल्या अंड्यांतही काही बिनकवचाची असतात, काही चपटी किंवा सुरकुतलेली असतात, तर काही फोडल्यावर पांढरा बलक पाण्यासारखा पसरतो. कळपाला पूर्वी लस दिलेली असेल तर एखाददुसरीच कोंबडी दगावते आणि रोग आला होता हे पालकाच्या ध्यानातही येत नाही. खाद्य बिघडले असावे अशी समजूत करून घेऊन तो खाद्य बदलतो, बाजारातून शक्तिवर्धक औषधाची बाटली आणतो, सरकीची किंवा शेंगदाण्याची पेंड वाढवितो. अंडी मात्र वाढत नाहीत. पंधरा दिवस वाट पाहून तो कंटाळतो आणि उरलेल्या कोंबड्या आठवड्याच्या बाजारात मिळेल त्या भावाने विकून मोकळा होतो. त्या कोंबड्यांबरोबर रोगही दुसऱ्या गावी जातो.

असे का घडते हे समजण्यासाठी कोंबडीच्या शरीरातील पेशींत डोकावणे आवश्यक आहे. अंडी कमी होण्याचे मूळ कारण तेथे आहे आणि आजारी कोंबडीला काय द्यावे व काय देऊ नये याचा उलगडाही तेथेच होतो.

अंड्यासाठी लागणारा खर्च

अंड्यावरील सुधारित जातीची कोंबडी दिवसाला साधारणपणे १०० ते ११० ग्रॅम खाद्य खाते. चांगल्या मिश्रखाद्यातून तिला त्यायोगे सुमारे २८० किलोकॅलरी ऊर्जा उपलब्ध होते. ५५ ग्रॅम वजनाच्या एका अंड्यात यांपैकी ७० ते ८० किलोकॅलरी साठविलेल्या असतात. म्हणजे रोजच्या मिळकतीचा जवळजवळ चौथा हिस्सा कोंबडी अंड्याच्या रूपाने आपल्या हवाली करते. ते अंडे घडविण्याची मजुरी याहून वेगळी असते आणि उरलेल्या ऊर्जेत तिला हृदय, फुप्फुसे, हालचाल व शरीराची उष्णता हा सर्व प्रपंच चालवावा लागतो. कोंबडीच्या शरीराचे उष्णतामान निरोगी अवस्थेतच ४१ अंश सेल्सियसच्या आसपास असते. माणसाला या उष्णतामानात तापाने फणफणल्यासारखे होईल.

मजुरी म्हणजे काय, तेही पाहू. पिवळ्या बलकाचा कच्चा माल यकृतात तयार होतो आणि रक्तावाटे अंडाशयाकडे जातो. तेथे एकेक बलक शेवटच्या सात ते दहा दिवसांत झपाट्याने मोठा होतो. पक्व झालेला बलक अंडवाहिनीत पडल्यावर सुमारे तीन तासांत त्याभोवती पांढरा बलक चढतो, पुढे सव्वा तासात पातळ पापुद्रे बसतात आणि मग कवचग्रंथीत सुमारे वीस तास राहून त्यावर कवच चढते. एका कवचात दोन ग्रॅमहून थोडे अधिक कॅल्शियम असते. कोंबडीच्या रक्तात एका वेळी असणारे कॅल्शियम याच्या मानाने अगदीच थोडे असते; कवच चढत असताना रक्तातील सारा साठा पाव तासाच्या आत संपावा आणि तितक्याच वेळात आतड्यातून व हाडांतून पुन्हा भरून यावा, अशी ही अव्याहत ये-जा असते. त्यातही हे काम मुख्यत्वे रात्री, कोंबडी झोपलेली असताना चालते.

कॅल्शियम रक्तातून कवचग्रंथीच्या पोकळीत आपोआप वाहत जात नाही. विहिरीचे पाणी पाटात आणावयाचे तर मोट किंवा पंप चालवावा लागतो, तसे कवचग्रंथीच्या पेशींना आपल्या भिंतीतील पंप चालवून ते पलीकडे ढकलावे लागते. पांढऱ्या बलकातील प्रथिनांचेही तसेच आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ; त्या माळेत प्रत्येक नवा मणी ओवताना पेशीला ऊर्जेच्या किमान चार पुड्या खर्चाव्या लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅमांवर प्रथिने असतात. एवढ्यावरून अंडवाहिनीच्या पेशी किती ऊर्जा फस्त करीत असतील याची कल्पना यावी.

पेशीतील भट्ट्या

या ऊर्जेच्या पुडीला शास्त्रज्ञ एटीपी म्हणतात. शरीरातील सर्व कामे याच एका चलनात चालतात. धान्य, पेंड, चरबी ही झाली कोठारातली संपत्ती. ती मोडून एटीपीची नाणी पाडल्याशिवाय पेशीला एक पैचाही व्यवहार करता येत नाही. शिवाय ही नाणी साठवून ठेवता येत नाहीत. क्षणाक्षणाला पाडावी लागतात आणि क्षणाक्षणाला खर्च होतात.

ही टांकसाळ पेशीत दोन ठिकाणी असते. पहिली पेशीच्या द्रवात असते. तेथे द्राक्षशर्करेचा म्हणजे ग्लुकोजचा एक कण प्राणवायूशिवाय अर्धवट मोडला जातो व त्यातून एटीपीचे अवघे २ कण हाती लागतात. दुसरी तंतुकणिकांत असते. मायटोकॉन्ड्रिया या नावानेही त्या ओळखल्या जातात. या सूक्ष्म कणिका पेशीत शेकड्यांनी असतात. अर्धवट मोडलेली शर्करा व चरबी प्राणवायूच्या साहाय्याने तेथे पूर्ण जळते आणि शर्करेच्या एका कणामागे एकूण मिळकत सुमारे ३० कणांवर जाते. ओले लाकूड धुमसत ठेवणे आणि तेच वाळवून चांगल्या चुलीत जाळणे यांत जो फरक, तोच येथे आहे. इंधन तेच, पण हाती येणारी आच पंधरापट.

तंतुकणिकेला दुहेरी आवरण असते. आतल्या आवरणाच्या दोन्ही बाजूंस विद्युत्भाराचा फरक राखलेला असतो. धरणाच्या भिंतीमागे पाणी तुंबवून ते चक्रावर सोडावे, तसा हा भार एका सूक्ष्म चक्रावाटे परत आत येतो आणि चक्राच्या फिरण्याने एटीपी तयार होते. भिंतीला भोक पडले की चक्र थांबते. विषाणूच्या संबंधात हीच गोष्ट ध्यानी ठेवावयाची आहे.

विषाणू पेशीत शिरल्यावर

मानमोडीला राणीखेत रोग असेही नाव आहे. कुमाऊंच्या पहाडांतील राणीखेत येथे १९२७-२८ च्या सुमारास आपल्या देशात त्याची ओळख पटली म्हणून ते पडले. त्याच सुमारास, म्हणजे १९२६ साली, तो जावा बेटात व इंग्लंडमधील न्यूकॅसल येथेही आढळला होता, म्हणून जगभर तो न्यूकॅसल रोग म्हणून ओळखला जातो. आपल्याकडील नाव रोग्याच्या अवस्थेवरून आले आहे. मज्जासंस्थेपर्यंत रोग पोहोचला म्हणजे कोंबडीची मान वाकडी होते, ती गोल गोल फिरते, पंख लुळे पडतात. हिरवट पातळ शीट, धापा व चोच उघडी ठेवून श्वास घेणे ही लक्षणे त्याआधीची.

याचा विषाणू म्हणजे चरबीच्या पापुद्र्यात गुंडाळलेला आनुवंशिक द्रव्याचा एक धागा. त्या धाग्यावर सुमारे पंधरा हजार अक्षरांत अवघ्या सहा जनुकांचा मजकूर लिहिलेला असतो. त्याच्याजवळ तंतुकणिका नाही, प्रथिने विणण्याचा माग नाही, एटीपीचा एक कणही तो स्वतः तयार करू शकत नाही. पेशीबाहेर तो निर्जीव धुळीसारखा पडून असतो. त्याची वाढ पूर्णपणे दुसऱ्याच्या घरात आणि दुसऱ्याच्या खर्चाने होते.

पेशीत शिरल्यावर तो आपल्या धाग्याच्या नकला काढू लागतो. नकलेतील प्रत्येक अक्षर पेशीच्या साठ्यातून येते आणि त्याबरोबर ऊर्जेची किंमत मोजली जाते. मग पेशीच्याच मागावर विषाणूची प्रथिने विणली जातात. याच वेळी पेशीची स्वतःची प्रथिने विणण्याचे काम दबते. पांढऱ्या बलकाची प्रथिने विणणारी अंडवाहिनीतील पेशी विषाणूच्या हाती सापडली की माग चालूच असतो, सूतही खर्च होत असते, पण विणले जाणारे कापड दुसऱ्याचे असते. बलक पातळ होण्याचे एक कारण हे होय.

यापेक्षा मोठी हानी तंतुकणिकांची होते. कोंबडीच्या भ्रूणापासून काचेच्या भांड्यात वाढविलेल्या पेशींना हा विषाणू लावून जे प्रयोग झाले, त्यांत पेशी फुगून एकमेकींत मिसळतात आणि अखेर आपल्या हातांनी आपला नाश करून घेतात असे आढळले. या आत्मनाशाचा एक मार्ग तंतुकणिकांतूनच जातो. आतल्या आवरणावरील विद्युत्भार ढासळतो, आवरणातून एक विशिष्ट प्रथिन बाहेर गळते आणि त्या खुणेने पेशी मोडून टाकणारी विकरे जागी होतात. धरणाची भिंत फुटल्यासारखेच हे आहे. विद्युत्भार ढासळताच एटीपीचे चक्र मंदावते, मग पेशी पहिल्या टांकसाळीवर, म्हणजे द्रवातील अर्धवट ज्वलनावर, अधिकाधिक विसंबते. तेथे एका शर्कराकणातून दोनच नाणी पडत असल्याने तेवढ्याच कामासाठी कितीतरी पट शर्करा जाळावी लागते.

नादुरुस्त चुलीतून धूर निघतो. नादुरुस्त तंतुकणिकेतूनही प्राणवायूचे विध्वंसक कण बाहेर पडतात आणि ते पेशीतील चरबीच्या पापुद्र्यांना पोखरतात. या रोगाची लागण झालेल्या कोंबड्यांच्या यकृतात व मेंदूत अशा पोखरणीच्या खुणा वाढलेल्या व त्यापासून बचाव करणाऱ्या द्रव्यांचा साठा घटलेला आढळला आहे. जीवनसत्त्व ई हे अशा द्रव्यांपैकी एक असल्याने आजारी कोंबडीच्या खाद्यात त्याचे महत्त्व वाढते. पण ते रोगावरचे औषध मात्र नव्हे.

तंतुकणिकेचे आणखी एक काम सांगण्यासारखे आहे. ती टांकसाळ आहे तशी चौकीही आहे. पेशीत परका धागा शिरला असे पहारेकरी प्रथिनांना कळले की ती तंतुकणिकेच्या बाह्य आवरणावर येऊन वर्दी देतात आणि तेथून शेजारच्या पेशींना सावध करणारा संदेश सुटतो. बदकाच्या पेशीत असे दोन पहारेकरी आहेत. कोंबडीच्या पेशीत त्यांतला एक नाहीच आणि उरलेल्या एकाला अडविणारे प्रथिन मानमोडीच्या विषाणूजवळ आहे. बदकांना हा रोग सहसा दिसण्याजोगा होत नाही, पण विषाणू ती बाळगू शकतात. म्हणून बदके व कोंबड्या एका आवारात ठेवणे टाळावे.

कोणत्या पेशींत विषाणूला शिरकाव मिळतो यावर रोगाची तीव्रता अवलंबून असते. पेशीशी एकजीव होण्यासाठी विषाणूच्या अंगावरील एक प्रथिन आधी कापले जावे लागते. सौम्य वाणांचे हे प्रथिन घसा व आतडे अशा थोड्या ठिकाणची विकरेच कापू शकतात, म्हणून ते वाण तेथेच अडकून पडतात. उग्र वाणांचे प्रथिन शरीरात सर्वत्र असणारे विकर कापते. त्यामुळे ते यकृत, प्लीहा, अंडाशय, अंडवाहिनी, मेंदू कोठेही जाऊन पोहोचतात. लासोटा लस सौम्य वाणाची असल्यामुळेच ती डोळ्यात किंवा पिण्याच्या पाण्यातून देता येते आणि अंड्यावरील निरोगी कोंबडीलाही सहसा सोसते.

सारे शरीर काटकसर करते

विषाणू ज्या पेशींत शिरला नाही त्यांनाही या आजाराची झळ लागते. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी झपाट्याने वाढू लागतात व त्या भरमसाट शर्करा खातात. अंगात ताप येतो, त्याला इंधन लागते. नेमक्या याच वेळी कोंबडी खाणे टाकते. तिची मिळकत घटते आणि खर्च वाढतो. दुष्काळात शेतकरी जसे प्रथम लग्नकार्य लांबणीवर टाकतो आणि बैलाचा चारा शेवटपर्यंत राखतो, तसे तिचे शरीर सर्वांत आधी अंड्याचा खर्च बंद करते, कारण त्यावाचून तिचे स्वतःचे काही अडत नाही. मेंदूकडून अंडाशयाला जाणारे संदेश मंदावतात, वाढीला लागलेले बलक सुकू लागतात किंवा फुटून पोटात सांडतात. अंडवाहिनी आक्रसते. ज्या अंड्याला कवच चढत होते ते अर्धवट कवचाने बाहेर पडते. अंडी बंद होणे हा या दृष्टीने कोंबडीचा हट्ट किंवा दोष नसून जगण्यासाठी तिने केलेली काटकसर आहे.

आता पेंड वाढवून किंवा शक्तिवर्धके पाजून अंडी का वाढत नाहीत हे स्पष्ट व्हावे. कोठारात धान्य ओतले तरी टांकसाळच बंद असेल तर नाणी पडणार कशी? उलट आजारी कोंबडीला अतिरिक्त प्रथिने पचविणे व त्यांतील निरुपयोगी नत्र शरीराबाहेर टाकणे हाच एक जादा खर्च होऊन बसतो. रात्रीचा उजेड वाढवून अंड्यावर आणण्याचा प्रयत्नही या काळात करू नये. प्रतिजैविक औषधांचा विषाणूवर काहीच परिणाम होत नाही. दुर्बळ झालेल्या पक्ष्यात जिवाणू शिरले असतील तर त्यांच्यापुरता त्यांचा उपयोग असतो आणि तेही पशुवैद्यांनी सांगितले तरच द्यावीत.

अंडी घटली म्हणजे मानमोडीच झाली असे मात्र समजू नये. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात धापा टाकून अंग गार ठेवण्यातच कोंबडीची बरीच ऊर्जा जाते व अंडी कमी होतात. ती सावली, गार पाणी व पहाटेच्या चाऱ्याने सुधारतात. पिसे गळण्याच्या काळातही अंडी थांबतात. संसर्गजन्य श्वासनलिकादाहाच्या विषाणूने पांढरा बलक पातळ होतो व अंडी वेडीवाकडी येतात. १९७६ साली हॉलंडमध्ये प्रथम ओळखल्या गेलेल्या अंडीघट रोगात तर कोंबड्या खातात-पितात, हिंडतात आणि तरीही बिनकवचाची अंडी घालतात, कारण तो विषाणू मुख्यतः कवचग्रंथीलाच धरतो. कोंबडी खाते आहे की नाही, तिच्या शिटेचा रंग कोणता, श्वास कसा चालला आहे आणि आदल्या आठवड्यात किती अंडी मिळाली होती, एवढ्या चार गोष्टी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने पशुवैद्यांना सांगितल्या तरी निदानाला मोठी मदत होते.

एकाएकी मोठी मरतूक झाली, तुरे व गलूल निळेकाळे पडले तर तो बर्ड फ्लूही असू शकतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आपल्या देशातील त्याचा पहिला उद्रेक झाला होता. उग्र मानमोडी व बर्ड फ्लू यांतील फरक नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. सबब मेलेला पक्षी घरी फाडून पाहू नये, उघड्या हाताने हाताळू नये. आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात वर्दी द्यावी. २००९ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे अशा अनुसूचित रोगाचा संशय येताच ग्रामपंचायतीकडे किंवा गावच्या अधिकाऱ्याकडे कळविणे हे पक्षीपालकाचे कर्तव्यच आहे.

लस आणि तिच्या वेळा

पेशीत विषाणू शिरल्यानंतर त्याला बाहेर काढणारे औषध नाही. म्हणून त्याला पेशीच्या दाराशीच अडविले पाहिजे. लसीमुळे रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये विषाणूला चिकटतात आणि त्याला पेशीशी एकजीव होऊ देत नाहीत. टांकसाळ वाचते ती येथे.

पहिल्या आठवड्यात, पाचव्या ते सातव्या दिवशी, एफ-१ किंवा लासोटा लसीचा एक थेंब पिलाच्या डोळ्यात अथवा नाकपुडीत सोडावा. चार आठवड्यांच्या सुमारास लासोटा पाण्यातून पुन्हा द्यावी. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात आर-२बी या वाणाची लस टोचतात. हा वाण मुक्तेश्वर येथील संस्थेत १९४० च्या दशकात तयार झाला असून तो लासोटापेक्षा जोरकस आहे व प्रतिकारशक्तीही अधिक टिकाऊ देतो. तलंगा अंड्यावर येण्यापूर्वी, सोळा ते अठरा आठवड्यांच्या आसपास, पशुवैद्यांच्या सल्ल्याने पुन्हा एक टोचणी करून घ्यावी. त्यानंतरच्या लसींच्या वेळाही त्यांच्याकडूनच ठरवून घ्याव्यात. पुण्याला औंध येथील पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत या लसी तयार होतात आणि जिल्ह्यातील दवाखान्यांमार्फत मिळू शकतात.

आर-२बी लस जोरकस आहे हे विसरून ती ऐन अंड्यावरील कोंबड्यांना टोचण्याची चूक होताना दिसते. ही लस जिवंत विषाणूचीच असते आणि तो वाण मध्यम तीव्रतेचा असल्याने कोंबडीच्या पेशींना तिच्याशीही खर्चिक झुंज द्यावी लागते. अंडी त्यामुळे घटतात. लहान पिलांना ती दिली तर पिले लुळी पडू शकतात. दुबळ्या, जंताने ग्रासलेल्या किंवा आधीच आजारी पक्ष्यांना कोणतीही लस देऊ नये. प्रतिद्रव्ये हीसुद्धा प्रथिनेच आहेत आणि ती विणावयासही एटीपी लागते. लस देण्याच्या आठ-दहा दिवस आधी जंतांचे औषध पाजणे हितावह असते ते यासाठीच.

लस शीतपेटीत, बर्फावर आणावी. दवाखान्यातून निघालेली बाटली सदऱ्याच्या खिशात घालून भर दुपारी तीन मैल चालत आणली तर गावात पोहोचते ते लस म्हणण्याजोगे नसते, कितीही वेळेवर टोचली तरी. पाण्यातून देताना ब्लीचिंग पावडर टाकलेले किंवा नळाचे क्लोरिनयुक्त पाणी वापरू नये. विहिरीचे स्वच्छ गार पाणी घ्यावे व दर लिटरला सुमारे ५ ग्रॅम स्निग्धांश काढलेल्या दुधाची भुकटी त्यात मिसळावी. कोंबड्यांना आधी दोन तास तहानलेल्या ठेवून सकाळच्या गारव्यातच लसीचे पाणी पुढे करावे, म्हणजे ते दोन तासांच्या आत संपते.

परसातल्या आठ-दहा कोंबड्यांची निगा बहुधा घरातील स्त्रियाच राखतात आणि अंड्यांचे पैसेही पुष्कळ घरी त्यांच्याच हाताशी असतात. लसीच्या बाटलीत पुष्कळ पक्ष्यांपुरती मात्रा असते, ती फोडल्यावर उरवून ठेवता येत नाही आणि म्हणून थोड्या कोंबड्यांसाठी कोणी ती आणीत नाही. आळीतील पाच-पंचवीस घरांनी एक दिवस ठरवून सर्व कोंबड्या पहाटे खुराड्यातून सोडण्यापूर्वीच लस देऊन घेतली तर ही अडचण राहत नाही. कार्यकर्त्याने हा दिवस बचत गटाच्या बैठकीत ठरवून घ्यावा. साथ उन्हाळ्याच्या तोंडाशी येते असा पुष्कळ गावांचा अनुभव आहे, तेव्हा माघ महिन्यात हे काम उरकलेले बरे.

रोग आल्यानंतरची निगा

आजारी पक्षी तत्काळ वेगळे करावेत. त्यांना पाजणारा माणूस निरोगी पक्ष्यांकडे नंतर जाऊ नये. आधी निरोगी, मग आजारी असा क्रम ठेवावा. मेलेले पक्षी नदीत किंवा उकिरड्यावर टाकू नयेत, खोल खड्ड्यात चुना घालून पुरावेत. विषाणूचे आवरण चरबीचे असल्याने साबण, धुण्याचा सोडा व कडक ऊन यांपुढे ते टिकाव धरीत नाही. मात्र ओलसर तुसाच्या गादीत व शिटेत तो कित्येक दिवस जिवंत राहतो. भांडी धुऊन उन्हात वाळवावीत आणि जुनी गादी काढून टाकावी. पिंजरे, पोती व अंड्यांचे ट्रे गावोगाव फिरतात व रोगही बरोबर फिरवितात.

खाण्यास पचावयास हलके, ताजे खाद्य थोडे थोडे करून दिवसातून चार-पाच वेळा द्यावे. पाणी गार व मुबलक असावे. त्यात क्षार व थोडा गूळ मिसळल्यास तापाने व पातळ शिटेने झालेली झीज भरून येण्यास मदत होते. शिंपल्यांचा चुरा खाद्यात न मिसळता वेगळ्या भांड्यात ठेवावा, गरज लागेल तशी कोंबडी तो आपण होऊन उचलते. लसूणघासाची कोवळी पाने व मोड आलेले धान्य यांतून जीवनसत्त्व ई मिळते. सेलेनियमयुक्त मिश्रण वापरावयाचे असल्यास पाकिटावरील प्रमाण ओलांडू नये, कारण ते थोडे अधिक झाले तरी विषारी ठरते.

बऱ्या झालेल्या कोंबड्या विकावयाची घाई करू नये, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. पेशींत नव्या तंतुकणिका तयार होण्यास, अंडवाहिनीचे अस्तर भरून येण्यास आणि अंडाशयात बलक पुन्हा वाढीस लागण्यास वेळ लागतो. चांगले खाऊ लागलेल्या कोंबड्या काही आठवड्यांत पुन्हा अंडी घालू लागतात, जरी पूर्वीचा शंभरातील ऐंशीचा पल्ला त्या सर्वच गाठतील असे नाही. सहा ते आठ आठवडे वाट पाहून मग एकेक कोंबडी हाती धरून पारखावी. तुरा लाल व टवटवीत, पोट मऊ, ओटीपोटाची हाडे दोन-तीन बोटे फाकलेली असतील तर ती ठेवावी. तुरा सुकलेला, पोट घट्ट व पाणी भरल्यासारखे लागत असेल तर पोटात बलक सांडून अंडवाहिनी कायमची बिघडली असण्याचा संभव आहे. अशी कोंबडी पोसण्यात अर्थ नाही. मान वाकडी राहिलेल्या पक्ष्यांचेही तेच.

या आठवड्यांत नवी पिले किंवा बाजारातील पक्षी कळपात मिसळू नयेत, आणि रोज संध्याकाळी मिळालेल्या अंड्यांचा आकडा, त्यांतील बिनकवचाची किती व पातळ बलकाची किती हे एका वहीत टिपून ठेवावे. पशुवैद्यांना ही वही दाखविली म्हणजे कळप कोणत्या टप्प्यावर आहे आणि पुढची लस केव्हा द्यावयाची हे ठरविणे त्यांना सोपे जाते.